विश्लेषण : यमूची गोष्ट आज वेगळी का वाटते? हरिभाऊ आपटे, त्यांचा काळ आणि बदललेला वाचक

‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही ह. ना. आपटे यांची कादंबरी आज पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला दोन गोष्टी हमखास खटकतात. सासरची माणसे इतकी दुष्ट कशी, आणि नायिका यमू इतके सारे निमूट सोसते कशी? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाचकाला मात्र ही माणसे ओळखीची वाटत होती. त्याला धक्का बसला तो ती छापील पानावर दिसल्याचा. कादंबरीतले एक अक्षरही बदललेले नाही, बदलला तो तिच्याभोवतीचा काळ. हरिभाऊंच्या आयुष्याचा आणि त्या वर्षांतल्या घडामोडींचा पट शेजारी ठेवला, की हीच कादंबरी निराळी दिसू लागते. कशी, त्याविषयी...

हरिभाऊ आपटे कोण होते?

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळा येथे झाला. आई लहानपणीच गेली. पुढे काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखाली ते वाढले. काका मुंबई उच्च न्यायालयातील नावाजलेले वकील. मुंबईनंतर कुटुंब १८७८ मध्ये पुण्यात आले आणि हरिभाऊंचे उरलेले आयुष्य याच शहरात गेले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले. तिथे आगरकरांसारखे शिक्षक लाभले. १८८२ मध्ये चिपळूणकरांचे निधन झाले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका लिहिली. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे मराठी रूप सिद्ध केले, तेव्हा त्यावर दीर्घ परीक्षण लिहिण्याचे धाडसही याच तरुणाने केले. महाविद्यालयात मात्र गणिताने दगा दिला आणि पदवी राहून गेली. इंग्रजी आणि संस्कृत साहित्याचे वाचन मात्र दांडगे होते.

काकांनी संस्कृत हस्तलिखितांचे जतन आणि प्रकाशन यासाठी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिचा कारभार पुढे हरिभाऊंकडे आला. दिवसा जुन्या संस्कृत ग्रंथांची व्यवस्था पाहायची आणि लेखणी हाती घेतली की त्याच शास्त्रांचा आधार सांगून चालणाऱ्या रूढींनी बायकांचे काय केले ते लिहायचे, असे हे दुहेरी आयुष्य होते.

त्याआधी मराठी कादंबरी कशी होती?

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ मध्येच विधवांचा प्रश्न मांडला होता, पण तो धर्मप्रसाराच्या अंगाने. त्यानंतर वाचकांना वेड लावले ते अद्भुतरम्य कथांनी. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत राजपुत्र, सुंदर नायिका, योगायोग आणि शेवटी सुखाचा संसार असे. कादंबरी म्हणजे घटकाभर दुसऱ्या जगात जाणे, हा तेव्हाचा रिवाज.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणेवैभव’मध्ये येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्स या लोकप्रिय इंग्रजी कादंबरीकाराची प्रेरणा होती, पण चित्र होते पुण्याचे. जुने सुटले, नवे नीट अंगी लागले नाही, अशा अधांतरी पिढीचे. कादंबरीतला वाडा आपल्याच गल्लीतला आहे आणि त्यातली माणसे आपल्याच घरातली आहेत, ही जाणीव मराठी वाचकाला नवी होती. शंकरमामंजी आज अतिरंजित वाटतात, याचे एक कारण आपण त्यांची तुलना आजच्या कादंबऱ्यांतल्या माणसांशी करतो. राजपुत्रांच्या कथा वाचून आलेल्या त्या वेळच्या वाचकाला हेच पात्र कमालीचे खरे वाटले असेल.

‘करमणूक’ कशासाठी?

१८९० च्या अखेरीस हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, तेव्हा त्यांचे वय होते २६. पुण्यात ‘केसरी’ राजकारणावर गर्जत होता. १८८८ पासून आगरकरांचा ‘सुधारक’ रूढींवर घाव घालत होता. या दोघांचे वाचक बहुतांशी शिकलेले पुरुष. हरिभाऊंनी वाट निवडली ती गोष्टीची. ज्या घरात ‘सुधारक’ नुसता उघडला तरी वाद पेटे, तिथे मनोरंजनाचे साप्ताहिक सहज जाऊ शकत होते. अग्रलेखाला प्रतिवाद करता येतो. एका मुलीने सांगितलेल्या स्वतःच्या कहाणीला काय उत्तर देणार?

‘पण लक्षांत कोण घेतो?’ याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. हा तपशील महत्त्वाचा आहे. आज आपण ती सलग वाचतो, त्यामुळे लांबण वाटते. तेव्हाचा वाचक एक प्रकरण वाचून पुढच्याची वाट पाहत असे. मधल्या दिवसांत इतर वर्तमानपत्रांतून त्याच विषयावरच्या बातम्या आणि वादविवाद त्याच्यासमोर येत. गोष्ट आणि बातमी यांचे वाचन असे हातात हात घालून चालले होते.

यमूची गोष्ट काय?

यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. कडक वडील, सोशिक आई, जीव लावणारा भाऊ असे माहेर, लहान वयात लग्न, सासरचा जाच. नवरा रघुनाथराव मात्र नव्या विचारांचा. तो तिला शिकवतो, मुंबईला नेतो आणि काही काळ दोघांचा संसार समजूतदारपणे चालतो. मग त्याचा अकाली मृत्यू होतो. सासरचे वडीलधारे शंकरमामंजी यांच्या कारस्थानाला बळी पडून यमूचे जबरदस्तीने केशवपन होते. ती फार जगत नाही. मैत्रीण दुर्गीची कथाही जोडीने येते. तिचा नवरा जिवंत असूनही तिचे हाल संपत नाहीत.

केशवपन म्हणजे केवळ केस काढणे नव्हते, हे आज समजावून सांगावे लागते. विधवा झालेल्या ब्राह्मण स्त्रीचे डोके भादरून तिला लाल आलवण नेसवले जाई. एकभुक्त राहायचे, मंगलकार्यात समोर यायचे नाही, घरातले कष्टाचे काम मात्र करायचे. वयाची अट नव्हती. बालविवाहामुळे संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच वैधव्य आलेल्या मुली घरोघरी होत्या. त्या काळच्या वाचकाला हे वर्णन करून सांगायची गरज नव्हती. अशी एखादी सोवळी आत्या किंवा काकू त्याच्याच स्वयंपाकघरात वावरत असे.

कादंबरी छापली जात असताना बाहेर काय चालले होते?

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभर चर्चा पेटवली. त्याच वर्षी रखमाबाईंवर नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी झालेले लग्न रखमाबाईंना मान्य नव्हते. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या.

पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८९० च्या अखेरीस पुण्यात आले, म्हणजे ‘करमणूक’ निघाले त्याच सुमारास. त्याच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा निर्धार केला. कोलकात्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतीचे वय १० वरून १२ वर गेले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती; आगरकर कायद्याच्या बाजूने ठाम उभे होते. पुण्यातल्या सभा उधळल्या जात होत्या.

यमूचे बालपण, लग्न आणि सासर वाचकांसमोर उलगडत होते ते या गदारोळात. कायदा हवा की नको, शास्त्र काय म्हणते, सरकारचा अधिकार किती, यावर पुरुष हिरिरीने भांडत असताना ज्या मुलींविषयी हे भांडण होते त्यांचा आवाज वादात जवळपास नव्हता. हरिभाऊंनी तो कल्पनेने निर्माण केला. कादंबरीचे नावही या पार्श्वभूमीवर वाचले, की ते दुःखाच्या सुस्काऱ्यापेक्षा भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना विचारलेला प्रश्न वाटू लागते.

यमूने पुनर्विवाह का केला नाही?

आजच्या वाचकाचा हा पहिला प्रश्न. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा तर १८५६ मध्येच झाला होता. पण कायदा आणि समाज यांत मोठे अंतर होते. मुंबईत १८६९ मध्ये एक गाजलेला विधवाविवाह झाला, तेव्हा त्यात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच १८५६ च्या कायद्याने जाई. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्या. रानडे यांनाही पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावे लागले. रानड्यांना जे जमले नाही, ते यमूला कुठून जमणार?

कादंबरी पुस्तकरूपाने आली त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कर्वे सुशिक्षित, प्राध्यापक. तरी त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. हे लक्षात घेतले, की यमूचा निमूटपणा हा तिच्या स्वभावाचा दुबळेपणा वाटत नाही. तिच्यापुढे दारच नव्हते. उलट अशा घरात एका मुलीने लिहायला शिकणे आणि स्वतःची कहाणी लिहून ठेवणे, हीच तिची बंडखोरी ठरते.

बाईच्या मनातले हरिभाऊंना कसे उमगले?

एका तरुण पुरुषाने स्त्रीचे मन इतक्या बारकाईने लिहिले, याचे कुतूहल वाचकांना कायम राहिले आहे. त्याचा एक धागा काशीबाई कानिटकर यांच्यापर्यंत जातो. काशीबाईंना लग्नानंतर वाचायला-लिहायला शिकावे लागले ते घरच्या बायकांचा रोष पत्करून. पुढे त्या कादंबरीकार झाल्या आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. काशीबाई आणि त्यांचे पती गोविंदराव यांच्याशी हरिभाऊंचा दीर्घ स्नेह आणि पत्रव्यवहार होता. परक्या स्त्रीशी पुरुषाने साहित्यावर मोकळेपणाने बोलणेच जिथे आक्षेपार्ह, तिथे ही मैत्री दुर्मीळ होती. पुस्तक लपवून वाचणाऱ्या, टोमणे सोसणाऱ्या स्त्रीचे अनुभव त्यांना असे जवळून कळले.

रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये आले. शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला छळ त्यांनी त्यात नोंदवला आहे. ते वाचून पुन्हा यमूकडे वळणाऱ्याला हरिभाऊंची कल्पना वास्तवाच्या किती जवळ होती, याची खात्री पटते.

संदर्भ कादंबरीच्या मर्यादाही दाखवतो का?

हो, आणि ते टाळून चालणार नाही. काळाचा संदर्भ म्हणजे लेखकाला मिळणारी सूट नव्हे. यमूचे जग पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. त्याच पुण्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठी १८६३ मध्ये आपल्या घरात आसरा दिला होता. विधवेच्या दुःखाला भिडणारे हे पुणे यमूच्या कहाणीत जवळपास दिसत नाही. तिथे मदतीला येतो तो शिकलेला नवरा किंवा भाऊ.

दुसरा मुद्दा आवाजाचा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषी ढोंगावर थेट हल्ला चढवला होता. ते पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. तोवर एकोणिसाव्या शतकातील स्त्रीचा आवाज म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे यमू येई. त्यानंतर तिच्या शेजारी एक खरी, संतापलेली स्त्री येऊन उभी राहिली. करुणा वाटावी अशी नायिका पुरुष लेखकाने उभी केली, पण जाब विचारणारी स्त्री आधीच लिहीत होती, हे कळल्यावर यमूचे रडणे नव्याने तपासावे लागते.

नाभिकांच्या निर्धाराचेही तसेच. केशवपनाचा प्रसंग आपण यमूच्या डोळ्यांनी पाहतो. ज्याच्या हातात वस्तरा दिला जाई, त्यालाही या कामाची लाज आणि चीड वाटत होती, हे इतिहास सांगतो. कादंबरी सांगत नाही.

‘उषःकाल’ कोणत्या काळाची?

‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात लिहिली गेली. कथा शिवकालाच्या आरंभाची. विजापूर दरबाराशी एकनिष्ठ असलेले किल्लेदार रंगराव आप्पा आणि शिवाजी महाराजांच्या कार्याकडे ओढला गेलेला त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यातला हा संघर्ष. आज तिच्यात इतिहासाच्या चुका शोधणे सोपे आहे. वि. का. राजवाडे यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये आला. म्हणजे आजच्या अभ्यासकापुढची बहुतेक कागदपत्रे तेव्हा उजेडातच आलेली नव्हती.

पण ही कादंबरी सतराव्या शतकाइतकीच १८९६ चीही आहे. त्याच सुमारास टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केला. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यात ‘केसरी’मधील शिवाजी महाराजांविषयीचा मजकूरही पुराव्यादाखल होता. अशा वेळी ज्याचे मीठ खातो त्याच्याशी इमान राखायचे की स्वराज्याच्या हाकेला ओ द्यायची, हा रंगराव आप्पा आणि नानासाहेब यांचा वाद सरकारी नोकरीत असलेल्या बापाला आणि सभांना जाणाऱ्या मुलाला आपलाच वाटला तर नवल नाही. उघड बोलणे जोखमीचे असताना इतिहास हा सुरक्षित आडोसा होता.

नंतरच्या घटनांनी अर्थ बदलतो का?

‘मी’ ही कादंबरी १८९३ ते १८९५ दरम्यान ‘करमणूक’मध्ये आली. तिचा नायक भावानंद संसार बाजूला ठेवून स्वतःला देशकार्याला वाहून घेतो. त्या वेळी हे स्वप्नरंजन वाटावे असे होते. १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि तुटपुंज्या मानधनावर आयुष्य देशाला देणारे कार्यकर्ते प्रत्यक्षात उभे राहिले. त्यानंतरच्या वाचकाला भावानंद हा पुढच्या काळाची चाहूल देणारा नायक वाटला. पुस्तक तेच, पण १८९४ चा वाचक आणि १९१० चा वाचक ते एकाच अर्थाने वाचू शकत नव्हते.

अखेरची वर्षे कशी गेली?

हरिभाऊंनी पुढेही भरपूर लिहिले. ‘गड आला पण सिंह गेला’, ‘चंद्रगुप्त’, विजयनगरच्या अस्तावरची ‘वज्राघात’ या कादंबऱ्या गाजल्या. दुष्काळाची होरपळ सांगणारी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा मराठी लघुकथेच्या आरंभकाळातली महत्त्वाची कथा मानली जाते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१७ मध्ये त्यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ मराठीत आणली. त्याच वर्षी ‘करमणूक’ बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची ५५ वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले.

आज यमू जुनी झाली का?

केशवपन इतिहासजमा झाले, म्हणून ही कादंबरीही इतिहासजमा झाली, असे म्हणता आले असते. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवऱ्याच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. बंद करण्याचा ठराव करावा लागला, याचा अर्थ प्रथा सुरू होत्या.

हेरवाडचा ठराव माहीत असलेला वाचक यमूची शेवटची प्रकरणे वाचतो, तेव्हा ती त्याला केवळ १८९३ सालची वाटत नाहीत. आपल्याच घरातल्या एखाद्या लग्नात हळदीकुंकवाच्या वेळी मागे सरून उभी राहिलेली बाई त्याला आठवते. हरिभाऊंनी नावातच विचारून ठेवलेला प्रश्न मग थेट त्याच्यापुढे येऊन उभा राहतो.